हे तेच का?

मराठी घरात सिनेमा लागला की एक वाद ठरलेला असतो. पडद्यावर एखादा खंगलेला म्हातारा येतो, एखादा थंड डोक्याचा गुंड येतो किंवा साक्षात राष्ट्रपिता येतात. पाचेक मिनिटं जातात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज येतो, "अगं, हे तेच का? आपले चिमणराव?" लगेच दोन तट पडतात. चिमणराव असे नव्हते, आवाज वेगळा आहे, नाक मात्र तेच आहे. आवाजावर जाऊ नका, त्यांचा आवाज दर वेळी वेगळाच असतो, असं एखादी अनुभवी आजी बजावते. शेवटी नातू मोबाइल काढतो आणि दिलीप प्रभावळकर आणखी एकदा पकडले जातात. पन्नासहून अधिक वर्षं काम करूनही नट चटकन ओळखू येत नाही, याला एरवी कुणी अपयश म्हणालं असतं. प्रभावळकरांनी त्याचाच व्यवसाय केला.

४ ऑगस्ट १९४४ चा जन्म. मध्यमवर्गीय मराठी घराचा एक अलिखित करार असतो: आधी शिकून नोकरीला लागा, मग काय तो वेडेपणा करा. हा करार त्यांनी इमानाने पाळला. विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली, भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिप्लोमा केला आणि औषध कंपनीत नोकरीही धरली. मराठी रंगभूमीचा वैद्यकाशी संबंध तसा जुनाच. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे, डॉ. मोहन आगाशे मनाचे. औषधांचा विभाग तेवढा रिकामा होता, तो प्रभावळकरांनी भरला.

नोकरी सांभाळून चाललेल्या या वेडेपणाची सुरुवातही साधीसुधी नव्हती. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात त्यांनी चिंची चेटकीण केली. अंगावर चेटकिणीचा वेष आणि समोर चेकाळलेली बच्चेकंपनी. मुलांसारखा निर्दय प्रेक्षक जगात नाही. मोठी माणसं कंटाळली तर जांभई लपवतात, मुलं सरळ उठून पाणी प्यायला जातात. त्यांना जो खुर्चीत बसवतो, त्याला पुढे समीक्षकांची फारशी भीती वाटत नसावी.

मग आलं दूरदर्शन. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे गांधीजयंतीला. या तारखेचा प्रभावळकरांशी पुढे काय संबंध यायचा होता, हे तेव्हा ना केंद्राला ठाऊक होतं, ना त्यांना. पुढच्या वर्षी पुण्यालाही चित्रं दिसू लागली. पडदा कृष्णधवल आणि वाहिनी एकच. आळीत एखाद्याच घरी संच, त्यामुळे त्या घरच्या माणसांना स्वतःच्याच घरात बसायला जागा मिळत नसे. चपलांचा ढीग दाराबाहेर, चिल्लीपिल्ली सतरंजीवर, आणि लाइट जाऊ नये म्हणून सगळ्यांचा मिळून धावा. अशा भरलेल्या खोल्यांत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिमणराव अवतरले.

चिमणराव मूळचे चिं. वि. जोशींचे. हे जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. दिवसा बौद्ध वाङ्मयातल्या दुःखनिरोधाचा अभ्यास करायचा आणि मोकळ्या वेळात पुण्याच्या एका कारकुनाला नव्या नव्या दुःखांत लोटायचं, असा त्यांचा दुहेरी संसार. त्यांच्या कथांवरचे चित्रपट मास्टर विनायकांनी चाळीसच्या दशकाच्या तोंडालाच काढले होते. तिथले चिमणराव दामूअण्णा मालवणकर. दामूअण्णांच्या डोळ्यांत तिरळेपणा होता आणि तोच त्यांचं भांडवल. नुसतं समोर पाहिलं तरी प्रेक्षक हसायचा, कारण अण्णा नक्की कुणाकडे पाहताहेत हे कळायचं नाही.

प्रभावळकरांचे दोन्ही डोळे सरळ. निसर्गाने अनुदान नाकारल्यावर माणसाला स्वतःच काहीतरी उभं करावं लागतं. त्यांनी उभा केला तो आवाज. किंचित चिरका, ओढलेला, वाक्य सुरू करतानाच त्याची माफी मागणारा. त्याला जोड बाळ कर्व्यांच्या दणकट गुंड्याभाऊची. कर्वे मुंबई महापालिकेत अभियंता होते. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला हसवणारी ही जोडी दिवसा चक्क पगारी कामं करत होती! विजया जोगळेकर-धुमाळे यांनी निर्मिलेली 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मराठी दूरचित्रवाणीवरची पहिली गाजलेली विनोदी मालिका. पुढे त्याच जोडीचा चित्रपटही निघाला.

या चिमणरावांची मुख्य गंमत अशी की त्यांना आपण विनोदी आहोत याची अजिबात कल्पना नव्हती. संसार, बायको काऊ, मुलं, पाहुणे, प्रत्येक गोष्ट ते अत्यंत गांभीर्याने घेत आणि प्रत्येक गोष्टीत आपटत. प्रभावळकरांचा विनोद पहिल्यापासून या जातीचा आहे. प्रेक्षकाच्या बरगडीत बोट खुपसून 'हसा की' म्हणणारे नट आपल्याकडे रग्गड आहेत. आजच्या स्किटच्या कार्यक्रमांत तर विनोद झाल्याची वर्दी द्यायला परीक्षकाची खुर्चीही ठेवलेली असते. चिमणरावांना ही सोय नव्हती. ते बिचारे आपलं दुःख सांगायचे आणि पन्नास माणसांची खोली हसून लोळायची.

मालिकेने घराघरांत नेलं, तशी पंचाईतही झाली. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी नटाचं नशीब विचित्र असतं. नाटकातल्या नटाला लोक तिकीट काढून भेटतात, सिनेमातल्याला अंधारात भेटतात, आणि याला ते जेवताना, पायजम्यात, फुकट भेटलेले असतात. साहजिकच तो त्यांच्या मालकीचा होतो. त्याने दुसरं काही करायचं म्हटलं तर मालकाची परवानगी लागते. चिमणरावांचा कोट घालून प्रभावळकर आणखी वीस वर्षं आरामात जगू शकले असते. वाढदिवस, मुंज, कारखान्याचं स्नेहसंमेलन, 'जरा त्या आवाजात दोन शब्द बोला ना' ही विनंती आणि शाल-श्रीफळ. कितीतरी नटांचा असाच छान, सुखी शेवट झालेला आहे.

त्यांनी हा सुखी शेवट टाळायचं ठरवलं असावं, कारण यानंतरची यादी म्हणजे फरारी माणसाचा प्रवास वाटते. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते मतिमंद मुलाचे वडील झाले. १९९१ साली 'चौकट राजा' चित्रपटात ते स्वतःच तसा मुलगा, नंदू, झाले. बाप आणि मुलगा या दोन्ही बाजूंनी एकच दुःख पाहून आलेला हा नट, आणि लोक त्याला अजूनही विनोदी नट म्हणत होते. संजय सूरकरांच्या त्या चित्रपटात प्रेक्षक हसायच्या तयारीनेच आला असेल, तर त्याचा रुमाल पहिल्या अर्ध्या तासातच ओला झाला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच 'हसवाफसवी' आलं. एकट्या नटाला सहा भूमिका, आणि नाटक लिहिणारेही तेच. वयोवृद्ध संगीत नट कृष्णराव हेरंबकर त्यांतलेच, आणि दीप्ती प्रभावळकर-पटेल-लुमुंबा या बाईही त्यांतल्याच. हे आडनाव वाचूनच एखाद्या विवाह मंडळाच्या चालकाला घाम फुटावा. सहा माणसांना एकाच अंगात राहायचं म्हणजे विंगेत कपडेपटाची काय धावपळ! पण नाटकाचा खरा चमत्कार कपड्यांत नव्हता. कृष्णराव येईपर्यंत प्रेक्षक वेषांतराला हसत असतो, आणि तो थकला-भागला गायक नट बोलू लागला की हसू घशातच थबकतं. आता हा माणूस खरा आहे आणि त्याला हसलो तर वाईट दिसेल, असं काहीतरी वाटू लागतं. विनोदी नाटकाच्या तिकिटात हे बसत नाही, पण परतावा कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. पुढे पुष्कर श्रोत्रींनी याच सहा भूमिका केल्या आणि हे नाटक लेखकाशिवायही उभं राहतं हे दाखवलं.

१९९३ साली महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'मध्ये ते तात्या विंचू झाले. हा तात्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच पोलिसाच्या गोळीला बळी पडतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. नटाच्या दृष्टीने काय सोय पाहा: काम थोडं, दहशत पिढीभराची. बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा, त्याच्यापुढे धांदल लक्ष्मीकांत बेर्डेंची, आणि रात्री उठून बाहुल्यांच्या कपाटाला कडी घालणारी मुलं महाराष्ट्रभरची. चिमणरावांना हसलेल्या आईबापांनी आपल्या मुलांना तात्या विंचूपासून वाचवावं, आणि दोन्हीकडे माणूस एकच असावा, हा विनोद कुणी संहितेत लिहिला असता तर अतिशयोक्ती म्हणून कापला गेला असता.

पण दूरचित्रवाणीने त्यांना सोडलं नव्हतं. लोकसत्तेत त्यांनी 'अनुदिनी' नावाचं सदर लिहिलं होतं. टिपरे कुटुंबाच्या रोजनिश्यांचं. त्यावरून केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झालं आणि २००५ पर्यंत चाललं. तोवर हिंदी वाहिन्यांवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मूळ धरून बसली होती. तिथल्या बायका झोपतानाही भरजरी साडीत, आणि जिन्यावरून कुणी उतरलं तरी कॅमेरा तीनदा दचकायचा. इकडे टिपऱ्यांच्या घरात खलनायकच नव्हता. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. मोठा गहजब कुठला, तर तो आबांच्या चहाइतकाच. सासऱ्याचं आणि सुनेचं चांगलं जमतं, ही एवढी धक्कादायक गोष्ट त्या काळच्या छोट्या पडद्यावर दुसरी नसावी.

प्रभावळकरांचं सगळ्यात अवघड काम कुठलं, असं विचारलं तर बहुतेक लोक 'हसवाफसवी'च्या सहा भूमिकांकडे बोट दाखवतील. प्रस्तुत लेखकाचं मत आबांच्या बाजूने आहे. सहा सोंगं घ्यायला मिशी मिळते, शेला मिळतो, लकब मिळते. आबांना काय मिळालं? चष्मा, वही आणि चार माणसांच्या बोलण्याच्या मध्ये बसायची जागा. ते ऐकत असतात. शिऱ्याची कॉलेजातली भाषा त्यांना अर्धी कळते, उरलेली ते कळल्यासारखी करतात. मुलगा चिडला की ते वर्तमानपत्राची घडी जरा जास्तच नीट घालतात. पडद्यावर जवळजवळ काहीच घडत नाही आणि आपल्याला हसू येतं, कारण ती घडी आपल्या घरात आपण पाहिलेली असते. वर लेखक स्वतः घरचाच. नटाला नेमकं कुठे गप्प बसवायचं, हे ठाऊक असलेला लेखक नशिबानेच मिळतो.

याचा दुष्परिणाम एवढाच की सत्तावन्नाव्या वर्षीच प्रभावळकर महाराष्ट्राचे आजोबा झाले. वयाने आजोबा व्हायला पुढे बराच अवकाश होता, पण प्रेक्षकाने घाई केली.

त्याच आजोबांचे पुढे राष्ट्रपिता झाले. 'लगे रहो मुन्नाभाई' २००६ चा. चित्रपटात जवळजवळ शेवटपर्यंत बापू दिसतात ते फक्त मुन्नाला. आयुष्यभर भूमिकेआड दिसेनासं व्हायची सवय असलेल्या नटाला याहून सोयीची अट कुठली असणार! गांधींची भूमिका म्हणजे एरवी पुतळा व्हायचा हमरस्ता. नट पंचा नेसतो, काठी घेतो आणि संवादांना संगमरवर चढतो. प्रभावळकरांचे बापू मात्र हलके, किंचित मिस्कील, मुन्नाच्या भाषेला न बिचकणारे. टिपरे आबांनी शिऱ्याला चार वर्षं ऐकून घेतलं होतं, त्याचा इथे उपयोग झालेला दिसतो. त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तो या चित्रपटासाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून. एका माणसाला एका भूमिकेसाठी गौरवायचं, हा नियम सरकारलाही त्यांच्या बाबतीत पाळता आला नाही.

मधल्या फटींत त्यांनी लिहिण्याचाही धंदा चालू ठेवला. 'गुगली', 'हसगत', 'कागदी बाण' ही पुस्तकं, आणि मुलांसाठी खोडकर पण मनाने सरळ असा बोक्या सातबंडे. 'एका खेळियाने' हे आत्मकथनही लिहिलं. वाचताना एक गंमत लक्षात येते: स्वतःबद्दल लिहिताना हा माणूस बराच संकोची आहे आणि दुसऱ्याच्या कातडीत शिरला की त्याची जीभ सुटते.

२०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांच्या 'दशावतार'मध्ये ते कोकणातले दशावतारी नट बाबुली मेस्त्री झाले. वय वर्षं ८१. या वयात बाकीचे लोक जिना चढण्याआधी विचारविनिमय करतात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, कथेचा सांगाडा ठरतो आणि बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि चिंची चेटकिणीपासून दीप्तीबाईंपर्यंतचा पूर्वानुभव पाहता हा भाग तरी त्यांना नवा नव्हता. बाबुलीची नजर अधू होत चालली आहे आणि आता काम थांबवा म्हणून मुलगा मागे लागला आहे. प्रभावळकरांच्याही कानाशी कुणी असं काही बोललं असेल, तर ते त्यांनी बाबुलीइतकंच मनावर घेतलेलं दिसतं.