अठ्ठेचाळीस अंश

डिग्रीकाका तुमच्याही ओळखीत असणारच. ढेकणांचा विषय निघाला की बाकीची माणसं नकळत पाठ खाजवायला लागतात, हे मात्र खुलतात. खिशात पेनाच्या जागी तापमापक. तो काढून म्हणतात, "४८!"

"गादी दिवसभर गच्चीवर टाकली होती हो," असं कुणी सांगितलं की काका कीव आल्यागत बघतात. "वरचा कापूस तापला. आत किती होतं? मोजलंत?" कोण मोजतंय! पण मुद्दा खरा असतो. ऊन लागलं की ढेकूण निमूट गादीच्या पोटात सरकतो. ४८ अंशांना मोठा ढेकूण वीसेक मिनिटांत आटोपतो, अंडी मात्र सव्वा तास दाद देत नाहीत. तो सव्वा तास काका भर मे महिन्यात छत्री उघडून गच्चीवर बसतात. शेजारी काळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेल्या उशा, गाठीतून डोकावणारा तापमापक. आमची आजी लोखंडी खाटेच्या सांध्यांत किटलीने आधण ओतायची. ती पद्धत काकांना मान्य आहे, फक्त पाणी सांध्यात पोचेपर्यंत किती उरतं, ही शंका त्यांना झोपू देत नाही.

नागपूरचे साडू एकदा म्हणाले, "आमच्याकडे धाडा गाद्या." २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. काका अजून हळहळतात, "एका दशांशाने राहिलं हो!" वेधशाळा तापमान सावलीत मोजते, उन्हातली गादी त्याहून कितीतरी तापते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण तो दशांश त्यांच्या जिवाला लागलाय.

पावसाळ्यात ऊन संपलं, तेव्हा काका उलट टोकाला गेले. उणे १८, सलग चार दिवस. नातवाची उशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये गेली, सुरमईच्या तुकड्यांना खेटून. काकूंनी दार उघडलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. परिणामी त्या आठवड्यात घरात नुसतं पिठलं. ढेकूण मेले. नातू अजून त्या उशीवर झोपत नाही, म्हणतो मासळीबाजारात निजल्यासारखं वाटतं.

असा हा माणूस. जिन्यात दिसला की मी मोबाइल कानाला लावतो.

पण चाळीत ढेकूण म्हणजे अब्रूचा प्रश्न. ते नेहमी शेजारच्या खोलीतूनच आलेले असतात. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या माईंच्या गोधडीत निघाले, तेव्हा त्यांच्या हातचा चहा घ्यायला कुणी धजेना. मुलं दारावरून पळत जायला लागली. काका खाली गेले, गोधडी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्याकडूनच आलेत हो माई! आमच्याच उशीतले." साफ खोटं. त्यांच्या घरात ढेकूण उरणं शक्यच नव्हतं. एकेक मोजून मारलेला.

माईंकडे पुन्हा चहा सुरू झाला. काकांच्या कोचावर मात्र आता कुणी टेकत नाही. आलेला माणूस उभ्याउभ्याच कप हातात घेतो. काका त्याला अंड्यांबद्दल सांगायला लागतात. सव्वा तास.