बिजागरीचे भाष्यकार

जे यंत्र अद्याप कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही आणि ज्याची किंमत कळल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना ते पाहण्याचीही वासना उरणार नाही, त्या यंत्राची बिजागरी कशी असेल यावरून नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या मंडळींत जे तट पडले आहेत ते पाहता, या नगरीतील शास्त्रार्थाची परंपरा खंडित झाली असे म्हणणाऱ्यांनी आपले विधान बिनशर्त मागे घ्यावे. वादाचा विषय, अॅपलचा आगामी मॅकबुक प्रो. 2025 च्या सप्टेंबरात मिंग-ची कुओ या तैवानी विश्लेषकाने त्याचा पडदा स्पर्शाने चालेल असे भाकीत केले. पुढच्याच महिन्यात ब्लूमबर्गने, पडदा ओलेड जातीचा, बिजागरी अधिक भक्कम आणि कॅमेरा पडद्यातल्याच एका छिद्रात, अशी भर घातली. आणि एवढ्या तुटपुंज्या संहितेवर आमच्याकडे जे भाष्य झाले आहे ते ग्रंथरूपाने छापले, तर सार्वजनिक वाचनालयाला नवी कपाटे करून घ्यावी लागतील.

भाष्यकारांची खरी अडचण मूळ सूत्रापाशी आहे. 2010 च्या ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्स यांनी भर सभेत असा निर्वाळा दिला होता की, उभ्या पडद्याला हात लावून काम करणे मनुष्यदेहाला मानवत नाही, थोड्याच वेळात हात भरून येतो. त्यांच्या पश्चात टिम कुक यांनी 2012 मध्ये टोस्टर आणि शीतकपाट एकत्र करण्याचा दाखला देऊन त्याच मतावर मोहोर उमटवली. त्या काळी दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपच्या काचेवर चुकून बोट टेकवणाऱ्या गृहस्थाकडे आमच्यातले अॅपलपंथीय ज्या करुणेने पाहत, ती करुणा मी विसरलेलो नाही. तेच आज, आचार्यांचा निषेध केवळ तत्कालीन पडद्यांपुरता होता, तत्त्वतः स्पर्शाला त्यांची कधीच हरकत नव्हती, असा अन्वयार्थ लावताना ऐकले, की हात भरून येण्याची व्याधी या चौदा-पंधरा वर्षांत मानवजातीतून हद्दपार झाली असावी असे वाटू लागते. 1983 साली ह्यूलेट-पॅकार्डने पडद्याच्या चौकटीत अवरक्त किरणांचे जाळे बसवून बोट ओळखणारा संगणक विक्रीस काढला होता, हे मी एकदा भीत भीत निदर्शनास आणले; तेव्हा, ‘काका, तो प्रीमियम नव्हता,’ एवढ्या एका वाक्यात माझी फिर्याद निकालात निघाली.

पण बिजागरीचा प्रश्न, पूर्वग्रह बाजूला ठेवून पाहिले, तर खरोखरच गहन आहे. लॅपटॉपचे झाकण एका बोटाने, खालचा भाग जागचा न हलता उघडले पाहिजे, हा या कंपनीच्या अभिमानाचा विषय; म्हणजे बिजागरी नरम हवी. उलट पडद्यावर बोट टेकवले की तो मागे झुकता कामा नये, झोकांड्या तर मुळीच खाता कामा नयेत. म्हणजे बिजागरी ताठ हवी. ताठ केली तर झाकणाबरोबर सबंध यंत्रच उचलले जाते, ते जाऊ नये म्हणून खालचा भाग जड करावा, तर ‘पूर्वीपेक्षा पातळ’ ही जाहिरात कोणत्या तोंडाने करावी? आमच्या मंडळींतले एक निवृत्त अभियंते, ज्यांची हयात अंबडच्या कारखान्यात गेली, ते रोज कठड्यावर पाकीट उभे उघडून धरतात, वरच्या पानाला तर्जनीने टिचकी मारतात आणि पाकीट मागे पडले की विजयी मुद्रेने म्हणतात, ‘बघा राव, इथंच घोडं पेंड खातंय.’

या कंपनीच्या नवलाईचा एक गुण मात्र निर्विवाद आहे: तिच्याकडे आधी काढून घेतलेली वस्तूही नवलाई म्हणून परत करता येते. 2016 साली तिने चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची दोरी, एचडीएमआयचे भोक आणि कॅमेऱ्याच्या कार्डाची फट या तिन्ही सोयी एका फर्मानाने रद्द केल्या आणि त्यांच्या बदल्यात कळफलकाच्या माथ्यावर स्पर्शाची एक अरुंद पट्टी बसवली. 2021 मध्ये नव्या मोठ्या यंत्रांवरून पट्टी गेली, तिन्ही सोयी परतल्या, आणि दोन्ही प्रसंगी टाळ्या तेवढ्याच वाजल्या. त्याच वर्षी काच पुसण्याचा एक फडका 1,900 रुपयांस विक्रीस निघाला होता, त्याची आज आठवण होणे अपरिहार्य आहे. कारण स्पर्श आला म्हणजे डागही आला. ओलेड पडद्यात प्रत्येक बिंदू आपापला उजेड देतो आणि काळा रंग दाखवायचा तर तो बिंदू सरळ विझतो, असे तज्ज्ञ सांगतात. त्या निबिड काळोखावर चिवड्याच्या हळदीचे, तेलाने चमकणारे, अंगठ्याच्या रेषांसकट उमटलेले वर्तुळ कसे शोभून दिसेल, याचा विचार कॅलिफोर्नियात झाला नसावा.

अंदाजांवर पोसण्याची सवय आम्हांला नवी नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये, नाशिकरोडच्या मुद्रणालयात नव्या पाचशेच्या नोटा अहोरात्र छापल्या जात असताना, दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाशी संधान बांधणारी चिप असून ती जमिनीखाली 120 मीटरवरूनही आपला ठावठिकाणा कळवते, ही वार्ता देशभर पसरली. खुद्द अर्थमंत्र्यांनी ती फेटाळली, पण नोट उजेडासमोर धरून चिप शोधणाऱ्यांच्या निष्ठेत काडीचा फरक पडला नाही. चिप सापडली नाही याचा अर्थ ती फार सूक्ष्म आहे, हे अनुमान त्या वेळी ज्यांनी काढले, तेच गृहस्थ आज छिद्रातल्या कॅमेऱ्याचा व्यास सांगत आहेत.

परवा महात्मा गांधी रोडवर माझ्या जुन्या फोनची काच बदलण्यासाठी गेलो असता, दुकानदार एका तरुणाला याच भावी मॅकबुकची संरक्षक काच विकत होता. ‘अरे, पण पडदा केवढा हे अजून ठाऊक तरी आहे का?’ मी न राहवून विचारले. ‘माप आलं की कापून देऊ, काका,’ तो पावती फाडीत म्हणाला, ‘विसार मात्र आत्ता.’ तरुणाने खिशातून पाकीट काढले आणि छिद्राची जागा मोकळी सोडणार ना, एवढे मात्र दोनदा विचारून घेतले.