वेटेजराव

बारावी बोर्डाचा शेवटचा पेपर झाला, की बाकीची मुलं दोन दिवस झोपून काढतात. वेटेजराव त्याच संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात उभा असतो. चार रंगांचे हायलायटर, मोठं कार्डशीट आणि पट्टी घेऊन तो घरी येतो, तेव्हा आईला वाटतं, एमएचटी-सीईटीच्या गणिताचा अभ्यास सुरू झाला. बिचारी.

गणिताचा पेपर त्याला तोंडपाठ असतो. 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, 90 मिनिटं. साधारण 20 टक्के अकरावीचं, बाकी बारावीचं. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. नव्वद मिनिटांचे सेकंद करून त्यानं पन्नासनं भागले, तर एका प्रश्नाच्या वाट्याला बरोबर 108 सेकंद आले. जपमाळेच्या मण्यांचा आकडा जुळला म्हटल्यावर आजीचा तर नातवावर पक्का विश्वास बसला.

मग भिंतीवर तक्ता लागतो. कुठल्या धड्यावर किती प्रश्न येतात, गेल्या काही वर्षांत किती आले, यंदा किती यायला हवेत. या तक्त्याचा खरा उपयोग काय करायचं हे ठरवायला होत नाही. काय ऑप्शनला टाकायचं, ते ठरवायला होतो. सीईटीत ऑप्शन नावाची सोयच नसते, पण आपल्याकडे धडा ऑप्शनला टाकल्याशिवाय अभ्यासाला बसल्यासारखं वाटत नाही. थ्रीडी ऑप्शनला, कारण ते डोळ्यांपुढे येत नाही. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स ऑप्शनला, कारण अकरावीची एकटी स्ट्रेट लाइनच अजून व्हायची आहे. मॅथेमॅटिकल लॉजिक मात्र हिरव्या रंगात! ते सोपं असतं, असं त्यानं तीन जणांकडून ऐकलंय.

युक्त्यांचा त्याच्याकडे साठा असतो. इंटिग्रेशन येत नसेल, तर चारही पर्यायांचं डिफरन्सिएशन करून बघायचं. ज्याचं उत्तर प्रश्नातल्या फंक्शनशी जुळेल तो पर्याय बरोबर. ही युक्ती खरोखर चालते. अट एवढीच, की डिफरन्सिएशन यायला हवं, आणि ते तक्त्यात पुढच्या आठवड्यात आहे.

अभ्यासिकेत त्याची खुर्ची महिन्याच्या बोलीवर राखीव असते. तिच्यावर दप्तर असतं. तो स्वतः खाली चहाच्या टपरीवर नॉर्मलायझेशन समजावत असतो. परीक्षा बऱ्याच शिफ्टमध्ये होते, प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात. आपल्या शिफ्टमध्ये आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण शेकडा किती जणांना, एवढाच तो हिशोब. हे तो फार सुरेख समजावतो, आणि त्यातून निष्कर्ष काढतो, की आपल्याला गुण मिळण्यापेक्षा इतरांना न मिळणं जास्त महत्त्वाचं. सगळी पोरं सोप्या पेपरसाठी देवाला नारळ बोलतात. हा अवघड पेपरसाठी बोलतो.

मॉक टेस्ट तो देत नाही. कॉन्फिडन्स जातो.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. मी मामा, त्यातून गणिताचा जुना विद्यार्थी, म्हणून त्यानं मला विश्वासात घेतलं.

“मामा, एकही प्रश्न न वाचता पन्नासच्या पन्नास क्लिक केले, तर किती पडतील?”

“तूच सांग.”

त्यानं वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला घेतलं. चार पर्याय, म्हणून पी बरोबर एक चतुर्थांश. एन बरोबर पन्नास. सरासरी एन गुणिले पी, साडेबारा. म्हणजे 25 गुण. पुढे व्हेरियन्स काढला, त्याचं वर्गमूळ काढलं आणि तीन प्रश्न इकडेतिकडे होतील, हेही सांगितलं. एक पायरी चुकली नाही. हात झरझर चालत होता.

“म्हणजे 25 तर खिशातच आहेत. अभ्यास फक्त उरलेल्या 75 चा.”

“अरे, ही तर बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशन! मस्त झालीय की तुझी.”

“छे! ती ऑप्शनला टाकलीय. वेटेजच नाही तिला.”

परीक्षा झाली. केंद्राच्या फाटकातून तो हसत बाहेर आला. पेपर फार अवघड होता म्हणाला, नवस फळला. पुढचे काही आठवडे त्यानं मागच्या वर्षीचे कटऑफ, कॅप राउंड आणि कॉलेजांचा पसंतीक्रम यांचा नवा तक्ता केला. खरं सांगायचं तर हा तक्ता इतका चोख होता, की शेजारच्या दोन मुलींनी त्याची झेरॉक्स नेली.

निकालाच्या दिवशी सगळं घर मोबाइलभोवती. पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत देतात. वेटेजरावानं घसा साफ करून आकडे वाचायला सुरुवात केली, “पॉइंट आठ, सहा, चार, शून्य...”

“पॉइंटच्या पुढचं राहू दे रे,” आई म्हणाली. “अलीकडचं सांग.”