शहाऐंशी साली थांबलेले काका

थ्रॅशकाका हे कुणा एकाचं नाव नाही. ठाणे, डोंबिवली, कोथरूड, कुठेही जा, मोठ्या सोसायटीत असा एखादा नग सापडतोच. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी सहकारी बँकेत, बहुधा ऑडिटला. खांद्यापर्यंतचे केस आता फक्त जुन्या फोटोत. मानेला पट्टा. डॉक्टरांनी कारण विचारलं की ‘स्कूटर’ म्हणतात; धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ला रात्र होईतो मान झटकली, हे सांगत नाहीत. बाकी माणूस सज्जन. संकष्टी करतात, आणि चंद्रोदयाची वाट बघताना कानात स्लेयर.

थ्रॅश मेटल म्हणजे दंगा, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. लगेच उजव्या हाताचा पंजा पुढे येतो. ‘‘मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डचा हा हात बघ. सगळे फटके वरून खाली. खालून वर एकही नाही. तळव्याची कड तारांवर टेकलेली, म्हणजे सूर घुमत राहत नाही, तुटून पडतो. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ह्या वेगात आठ मिनिटं वाजवून दाखव, मग दंगा म्हण.’’ हे बोलताना त्यांचं मनगट चालू असतं आणि वाटीतलं वरण हिंदकळतं. पण मुद्दा खरा आहे. कान देऊन ऐकलं तर ह्या संगीतात सैल असं काही सापडत नाही. राग फार, पण तो मोजूनमापून खर्चलेला. ऑडिटच्या माणसाला हे आवडतं यात नवल नाही.

त्यांच्या लेखी जगाच्या इतिहासात वर्ष एकच: 1986. मार्चमध्ये मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, ऑक्टोबरात स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’, त्याच वर्षी मेगाडेथचा ‘पीस सेल्स’, आणि तिकडे जर्मनीतून क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’. त्यानंतर काही झालं नाही. मेगाडेथचा ‘रस्ट इन पीस’ 1990चा आहे, असं कुणी दबकत सुचवलं तर काका शांतपणे म्हणतात, ‘‘तो शहाऐंशीचाच. बाहेर यायला उशीर झाला.’’

थोर अल्बम कसा ओळखावा, याचे त्यांचे नियम आहेत. पहिला नियम लांबीचा. ‘रेन इन ब्लड’ जेमतेम एकोणतीस मिनिटांचा. दहा गाणी. इतका आटोपशीर की कॅसेटच्या एका बाजूला सगळा मावला, आणि कंपनीने दुसऱ्या बाजूलाही तोच पुन्हा भरला. ही कॅसेट काकांकडे आहे. ए बाजू संपली की ते उठून ती उलटी करतात आणि तेच पुन्हा पहिल्यापासून ऐकतात. निर्माता रिक रुबिन मूळचा हिप-हॉपचा. त्याने आवाजावरची सगळी घुम काढून टाकली, त्यामुळे ड्रमर डेव्ह लोंबार्डोच्या दोन्ही पायांखालचा एकेक ठोका सुटा ऐकू येतो. ‘‘पाल्हाळ नाही,’’ काका म्हणतात, ‘‘सांगायचं ते सांगितलं आणि निघाले.’’

मग ‘मास्टर ऑफ पपेट्स’ जवळजवळ पंचावन्न मिनिटांचा कसा चालतो? ‘‘त्यात विस्ताराला अर्थ आहे.’’ आणि 1988चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’, पासष्ट मिनिटांचा? ‘‘ते लांबण.’’ शिवाय त्यात नव्या जेसन न्यूस्टेडचा बास जवळपास ऐकूच येत नाही. आधीचा क्लिफ बर्टन 1986च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून गेला. हा विषय निघाला की काका बोलायचे थांबतात आणि ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधलं ‘ओरायन’ लावतात. नियमांचं पुढे काय होतं ते विचारायचं नसतं.

दुसरा नियम मला त्यांच्याहून जास्त पटतो: वेगवान अल्बमची परीक्षा तो हळू होतो तिथे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधल्या ‘बॅटरी’ची सुरुवात साध्या, बिनविजेच्या गिटारींनी होते, म्हणून पुढचा हल्ला अंगावर येतो. नुसतंच पळत राहणाऱ्या टोळ्या तेव्हाही पुष्कळ होत्या. त्या आज कुणाला आठवत नाहीत. म्हणजे काकांना आठवतात, त्यांच्या ड्रमरच्या नावासकट.

मेगाडेथ हा मात्र त्यांच्यासाठी संगीताचा नव्हे, भाऊबंदकीचा विषय. एप्रिल 1983मध्ये मेटॅलिकाने डेव्ह मस्टेनला न्यूयॉर्कमध्ये काढून टाकलं आणि बसमध्ये बसवून थेट कॅलिफोर्नियाला पाठवलं. जुलैत मेटॅलिकाचा पहिला अल्बम आला. ‘‘त्यातल्या चार गाण्यांच्या सातबाऱ्यावर मस्टेनचं नाव आहे!’’ काका गरजतात. त्यातलंच एक गाणं मस्टेनने पुढे स्वतःच्या मेगाडेथच्या पहिल्या अल्बममध्ये आणखी वेगाने वाजवून दाखवलं. त्यांच्या मते जगातला निम्मा चांगला थ्रॅश ह्या एका बसप्रवासातल्या संतापातून निघाला. काकूंना यातलं काही माहीत नाही, पण स्वयंपाकघरातून त्या अचूक ओळखतात: ‘‘हा तोच ना, कायम कुणावर तरी दात खाऊन असलेला?’’

2011च्या ऑक्टोबरात मेटॅलिका बंगळूरला आली तेव्हा काका रजा टाकून गेले. रजेच्या अर्जावर ‘धार्मिक कार्य’ लिहिलं. परत आल्यावर साहेबांनी प्रसाद मागितला, तेव्हा वाटेत मैसूरपाक घेतला होता म्हणून निभावलं.

खरी पंचाईत 2022 साली झाली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि एका रविवारी अकरावीतली भाची तेच गुणगुणत घरी आली. काकांना आनंद झाला, पण आनंदाने गेटपास देणारे ते काका नव्हेत. सोफ्यावर समोर बसवून तोंडी परीक्षा सुरू. अल्बममधली उरलेली सात गाणी सांग. तिने सांगितली. ध्वनिमुद्रण कुठल्या शहरात? कोपनहेगन. सगळ्यांत आवडतं कुठलं? ‘‘ओरायन,’’ ती म्हणाली, ‘‘मधे बास एकटा वाजतो ना, ते.’’

काकांनी चष्मा काढून पुसला. काकूंना हाक मारली, पोरगी जेवून जाईल म्हणाले, गुलाबजामचं पातेलं स्वतः बाहेर आणलं. तेवढ्यात भाचीने सहज विचारलं, ‘‘पण काका, मेटॅलिकाचा एक्क्याण्णवचा काळा अल्बम पण भारी आहे ना?’’

जेवायला थांबवलं तिला. गुलाबजाम मात्र एकच वाढला.