नर्सबाईंची बदली करा: सहा अर्जदारांचे खुले पत्र

प्रति,
वाशीम जिल्ह्यातील समस्त कर्ते-करविते यांस

विषय: उपकेंद्रातल्या नर्सबाई, त्यांच्या आशाताई आणि अंगणवाडीताई यांच्याकडून होणाऱ्या सततच्या त्रासाबाबत.

महोदय,

अर्जदार क्रमांक एक गोवर, हे अध्यक्ष. बाकीचे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब-कावीळ आणि हिब. या पाचजणांविरुद्धचा बंदोबस्त पेंटाव्हॅलंट नावाच्या एकाच कुपीत भरल्यापासून त्यांना वेगवेगळे अर्ज करणे परवडत नाही. म्हणून हा संयुक्त अर्ज.

सुरुवातीच्या डोसांबद्दल अर्जदारांची तक्रार नाही. बाळंतपण दवाखान्यात होते, बीसीजी आणि पोलिओचे थेंब तिथेच उरकतात. दीड महिन्याला आई येते, अडीचलाही येते. साडेतीनपासून रांग विरळ व्हायला लागते आणि अर्जदारांच्या जिवात जीव येतो. लोक लसीला नकार देतात, हा शहरी गैरसमज आहे. मानोऱ्याच्या तांड्यावरची आजी नकार देत नाही. ती हिशेब सांगते. “सुई टोचली की लेकरू रात्रभर तापते, मंग सकाळी वावरात कोन जाईन?” सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत या प्रश्नाला पोस्टरकडे उत्तर नसते.

नर्सबाईंकडे असते, आणि इथूनच अर्जदारांचे दुखणे सुरू होते. त्या म्हणतात, ताप येणार, एक-दोन दिवसांत उतरणार. गोळी किती द्यायची ते सांगतात, सुई टोचलेली जागा चोळू नका म्हणतात, अर्धा तास बसवून घेतात, पुढची तारीख कार्डावर लिहितात आणि कार्ड सांभाळून ठेवायला बजावतात. दुसऱ्या दिवशी आशाताई घरी जाऊन ‘ताप उतरला का’ विचारते. एवढ्याशा विचारपुशीमुळे तेच घर अडीच महिन्याला पुन्हा हजर होते. हे उघड उघड फूस लावणे आहे.

आकडेही अर्जदारांच्या विरोधात चालले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, 2015-16 साली, महाराष्ट्रातल्या 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे 56 टक्केच मुलांचे मूलभूत लसीकरण पूर्ण होते. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, हा आकडा 73 च्या पुढे गेला. अर्थात त्या फेरीतही शंभरातली पंचवीसेक लेकरे अर्जदारांच्या वाट्याला उरली होती, आणि अध्यक्षांना तेवढी पुरतात: गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना तो आजार देऊ शकतो. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात त्यांनी हे करून दाखवले. (हे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले, वाशीमच्या मालेगावकरांनी गैरसमज करून घेऊ नये.) त्या साथीत लेकरे दगावली. अर्जदार ते लपवत नाहीत.

सरकारचे मात्र आभार मानले पाहिजेत. 2018 साली वाशीम आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, तिथे आरोग्य आणि पोषणाला शंभरातले तीस गुण. लसीकरणाची मोजणी 9 ते 11 महिन्यांच्या बाळांची, म्हणजे गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसापाशी संपणारी. दुसरा डोस असतो सोळा ते चोवीस महिन्यांत, त्या रकान्याच्या बाहेर. नवव्या महिन्यातला एक डोस साधारण 85 टक्के बाळांनाच वाचवतो. उरलेल्यांसाठी दुसरा हवा. नवव्या महिन्यातल्या डोसापासून दुसऱ्यापर्यंत किमान सात महिने जातात, आणि नेमके तेव्हाच दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर गेलेले असते. अर्जदारांचा खरा संसार या मधल्या महिन्यांत चालतो.

तिथेही बाई आडव्या येतात. निघायच्या आधी तांड्याच्या नायकाला भेटतात, कोण कुठल्या गावी चालले ते वहीत टिपतात, “तिथल्या उपकेंद्रात हे कार्ड दाखवा, लस मिळते” म्हणून सांगतात. आता यू-विन पोर्टलवरही नोंद राहते, पण वीटभट्टीवरून परतलेले लेकरू पोर्टलला दिसत नाही, आशाताईला दिसते. रामनवमीला पोहरादेवीला माणसांचा पूर लोटतो. अध्यक्षांना असा मेळा फार मानवतो, पण त्याआधी ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाची लस बाकी आहे ती यादी, तपासणारी बाई असली की सगळा रस निघून जातो.

अफवांवर अर्जदारांची मदार होती. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 31 जानेवारी 2021 रोजी बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. लेकरे वाचली, पण अविश्वासाची एवढी मोठी देणगी अर्जदारांना फुकटात मिळाली. अशा वेळी एखादी नर्सबाई चिडत नाही, ओरडत नाही. कुपी आईच्या हातात देते. त्यावरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका असला तर लस उष्णतेने बिघडलेली नाही, गोलाइतका गडद झाला तर फेकायची, हे दाखवते. आईला वाचता येत नसले तरी रंग कळतो. अविश्वास तिथेच विरतो.

तरी नम्र मागणी की, बाईंना एका गावात इतकी वर्षे ठेवू नये की त्यांना लेकरांची नावे पाठ होतील. पद रिकामे झाल्यास घाईने भरू नये. त्यांच्याकडून जास्तीत जास्त रजिस्टरे भरून घ्यावीत, म्हणजे दारोदार जायला वेळ उरणार नाही. गोवराची कुपी विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून चार-पाच लेकरे जमल्याशिवाय ती फोडू नये, असा तोंडी दम द्यावा. एका लेकरासाठीही कुपी फोडावी हा नियम त्यांना सांगूच नये. आशाताईंचा मोबदला थकवावा.

आपले विश्वासू,
गोवर (अध्यक्ष) व इतर पाच

प्रत माहितीस्तव: पोलिओ (नैसर्गिक विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011, हावडा, सध्याचा पत्ता देशाबाहेरचा). देवी यांना प्रत पाठवलेली नाही. 1980 पासून त्यांचे टपाल परत येते.