नानांचा बॉयलर

थर्मल वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस परळीत ओळखायला अवघड नाही. कुणाच्या घरी गेला की तो आधी पंख्याचा आवाज ऐकतो, ‘बुश गेलाय’ म्हणतो आणि मगच बसतो. आमचे नाना या जमातीचे मेरुमणी. लग्नात अक्षता पडेपर्यंत मांडवामागच्या जनरेटरचं भविष्य सांगून मोकळे होतात. 2015 साली पाण्याअभावी अख्खं केंद्र बंद पडलं, तेव्हा गाव आभाळाकडं बघत होतं. नानांची तक्रार वेगळीच होती : “आवाज नाही, झोप कशी यावी?”

अशा घरात लेकीनं पुण्याहून पर्शियन मांजर आणून सोडलं. चपटं नाक आणि सरकी न काढलेल्या कापसाच्या ढिगासारखं अंग. लेकीनं नाव ठेवलं होतं फ्लफी. पहिल्याच रात्री ते घोरलं आणि नानांनी त्याचा बॉयलर केला.

आवाज करणारं कुठलंही यंत्र नानांनी कधी माफ केलेलं नाही, स्वतःचं सोडून. नाना घोरतात हे गल्लीला ठाऊक आहे; नानांना मान्य नाही. “मी जागाच होतो,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आता आयता आरोपी सापडला. बायकोला, माईंना म्हणाले, “ऐकलंस? हे घोरायलंय, आन् तू जन्मभर माझं नाव घेत बसलीस!” मांजर जेमतेम दोन वर्षांचं आहे, हा हिशेब त्यांनी केला नाही.

मग रीतसर लॉगबुक सुरू झालं. ‘रा. 1.40, डाव्या कुशीवर, आवाज चालू. 2.05, उताणं, लोड वाढला. 2.20, कूस बदलून दिली, ट्रिप.’ त्याखाली माईंच्या अक्षरात : ‘2.30 ते 6, दुसरं युनिट चालू.’

ती वही घेऊन नाना जनावरांच्या दवाखान्यात गेले. शेजारी शेळी घेऊन बसलेल्यानं विचारलं, “काय झालंय वं त्याला?”

“घोरायलंय.”

“मग? म्हस घोरत नसती का?”

डॉक्टरांनी मात्र वही नीट वाचली. म्हणाले, या जातीचं नाक आखूड, नाकपुड्या अरुंद, मागचा मऊ टाळू लांब. श्वास घेताना तो थरथरतो, म्हणून आवाज. त्यात वजन वाढलेलं. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं, नाक वाहिलं, खाणं सोडलं, तर लगेच आणा. तूर्त साय बंद.

“म्हणजे मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट,” नाना म्हणाले.

“रचनाच तशी आहे.”

रात्री नानांनी बॉयलरच्या वाटीतली साय चमच्यानं काढली, वहीत नोंद केली. माईंनी त्याच हातासरशी नानांच्या भाकरीजवळची तुपाची वाटी उचलली.

“अगं, माझं कशाला?”

“तुमचाबी आवाज येतो म्हणून.”

“डॉक्टर काय म्हणाले? रचनाच तशी आहे!”

“आवो, ते जनावरांचे डॉक्टर हायेत.”

“मग बरोबरच हाय की,” म्हणत नानांनी वाटी पुन्हा पुढ्यात ओढली.