दुर्बिणीची शिंगं

आमचे आबा बैलबाजारात गेले की आधी बैलांकडे पाहतच नसत. चहा घेत, ओळखीच्यांची ख्यालीखुशाली विचारत, आणि मग वाट चुकल्यासारखे एखाद्या बैलाजवळ जाऊन त्याचा जबडा उघडत. दोनदाती की चारदाती ते पाहून झालं की त्याला चालवून बघत, खांद्यावरून हात फिरवत. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. माझी नजर शिंगांवर. रंगवलेली, गोंडे बांधलेली, आभाळात घुसणारी शिंगं! आबा म्हणायचे, "शिंगं पाहून बैल घेऊ नोको बाप्पा. शिंगं नांगर वढत नाहीत."

पन्नास वर्षांनी दुर्बीण घेताना हे वाक्य मला आठवायला हवं होतं. आठवलं, पण घेऊन झाल्यावर.

शाळेतून निवृत्त झालो आणि दोन नाद एकदम लागले. सकाळी पाखरं, रात्री तारे. "आणि घरातली माणसं कधी पाहणार?" असं हिनं विचारलं, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत असल्यामुळे उत्तर देऊ शकलो नाही. बुलढाण्यात राहून हे दोन नाद न लागणं खरं तर अवघड. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं गाव, दाराशी ज्ञानगंगा अभयारण्य, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला लोणार. तेव्हा दुर्बीण हवीच.

ती मी एका जत्रेत घेतली. खोक्यावर लिहिलं होतं, 'दहा ते सत्तर पट'. भिंगं माणकासारखी लाल. दुकानदार म्हणाला, "वाघ दिसला तर मिशा मोजाल गुरुजी." वाघाची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, तेराशेवर किलोमीटर चालून ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. इतकं चालून पाहुणा आपल्या जिल्ह्यात येतो आणि आपल्याकडे त्याच्या मिशा मोजायची सोय नाही, हे मला बरं वाटेना. मी सत्तर पटींचे पैसे मोजले.

त्या रात्री पौर्णिमा होती. गच्चीवर जाऊन दुर्बीण डोळ्यांना लावली तर आकाशात दोन चंद्र. एक उजवीकडे, एक जरा खाली डावीकडे. हिला बोलावलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "एकच पुरत नव्हता का?"

दुर्बीण म्हणजे बैलजोडी असते हे मला त्या रात्री कळलं. दोन नळ्या एकाच जुवाला जुंपलेल्या. दोघींनी नाकासमोर, अगदी समांतर पाहायला हवं. एकीनं बांधाकडे आणि दुसरीनं विहिरीकडे ओढ घेतली की डोळ्यांना दोन चित्रं मिळतात, आणि ती एकत्र आणायच्या खटपटीत डोकं दुखायला लागतं. स्वस्तातल्या दुर्बिणीत आतले काचेचे लोलक नीट पक्के बसवलेले नसतात. एखादा धक्का लागला की जोडी फुटते.

मग मी शिस्तीत अभ्यासाला लागलो. मास्तर माणूस, दुसरं काय करणार?

प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२, १०×५०, ७×५० असे. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. यातला पहिला आकडा म्हणजे शिंगं. बाजारात सगळे त्याच्याकडेच बघतात. पण दहा पटीनं पाखरू जवळ येतं, तशी आपल्या हाताची थरथरही दहा पटीनं वाढते. जत्रेतल्या दुर्बिणीचा आकडा मी एकदाच सत्तरावर नेला आणि कुंपणावरचा भारद्वाज पाहिला. अंगात आल्यासारखा घुमत होता बिचारा. प्रत्यक्षात तो उन्हात पंख पसरून निवांत बसला होता. अंगात माझ्या आलं होतं.

दुसरा आकडा म्हणजे बैलाचा खांदा. भिंग जितकं रुंद तितका उजेड जास्त गोळा होतो, आणि तोही व्यासाच्या वर्गाच्या हिशेबानं. म्हणून ५० च्या भिंगात ४२ च्या भिंगापेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त उजेड येतो. ताऱ्यांना हाच उजेड हवा. मग सरळ ७×५० का घेऊ नये? इथे एक गणित आडवं येतं. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते. ७×५० ची सुमारे सात मिलिमीटर, ८×४२ ची सव्वापाच. आपली बाहुली अंधारात किती उघडते? विशीतल्या पोराची सात मिलिमीटरपर्यंत. साठीला आलेल्या मास्तराची पाचच्या आसपास. म्हणजे पोतंभर ज्वारी ओतायची आणि उतरंडीच्या मडक्याचं तोंड वाटीएवढं. उरलेली जमिनीवर. आपल्या डोळ्याचं दार लहान झालंय हे डॉक्टरनं नाही, भागाकारानं सांगावं, याचं मला वाईट वाटलं.

या झोतातच दुर्बिणीचे दात असतात. दुर्बीण हातभर लांब धरून उजळ आभाळाकडे करा. मागच्या भिंगांत दोन प्रकाशाच्या टिकल्या दिसतात. त्या गोल गरगरीत असतील तर लोलकाची काच चांगली. कडा कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकलेल्या दिसल्या तर काच हलकी. मग पुढच्या भिंगात आपलंच तोंड पाहायचं. ते मंद हिरवट-जांभळ्या छटेत बुडालेलं दिसलं तर लेप चांगला, उजेड आत जातोय. आरशासारखं लख्ख दिसलं तर उजेड दारातूनच परत फिरतोय. लाल भिंगं ही तर रंगवलेली शिंगंच. शेवटी चाल बघायची: लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक दोन्ही डोळ्यांनी पाहायचं. एकच दिसलं तर जोडी एकदिलाची.

घडणीत दोन जाती आहेत. एक खांदेवाली, जुन्या सिनेमातल्या सेनापतीच्या हातात असते ती. तिच्यातली लोलकांची युक्ती इग्नाझियो पोरो या इटालियन माणसाची, १८५४ सालची. दुसरी सरळ दोन नळ्यांची. तेवढ्याच पैशात खांदेवालीतून बहुधा जास्त चांगलं दिसतं, पण सरळ नळीवाली आटोपशीर, आणि पावसापाण्यात तिला जपणं सोपं. आपल्याकडे चार महिने कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते, ती भिंगांना काय सोडणार?

खरा तंटा पाखरं आणि तारे यांच्यात होता. पाखराला वेळ नसतो. हळद्या पानाआड जायच्या आत दुर्बीण डोळ्याला लागून चित्र साफ व्हायला हवं, म्हणून ती हलकी हवी, नजरेचा पट्टा रुंद हवा. ताऱ्यांना घाई नाही. तिथे भिंग मोठं हवं, वजन चालेल, पण हाताला टेका हवा. एक जण म्हणाला, दोन घ्या. मी हिच्याकडे पाहिलं. एकच घ्यायचं ठरलं.

शेवटी ८×४२ घेतली. वजन पाऊण किलोच्या आत. चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं, रबराच्या वाट्या तेवढ्या खाली दुमडायच्या. उजव्या डोळ्यापाशी एक बारीक कडी असते. दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक तिनं जुळवायचा आणि मग तिला हात लावायचा नाही. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी तीच फिरवतो.

पहिला मान लोणारला दिला. हिवाळ्यातली सकाळ होती. विवराच्या काठावर उभं राहिलं की समोरचा काठ पावणेदोन किलोमीटरवर, आणि मध्ये दीडशे मीटरच्या आसपास खाली ते खारं, हिरवट पाणी. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली. पुराणानं ते लवणासुराच्या नावावर टाकलं, विज्ञानानं उल्केच्या. वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या घरात धरत, पुढे खडक तपासून पावणेसहा लाखांच्या आसपास सांगू लागले. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. माझ्या दुर्बिणीत मात्र त्या सकाळी काठालगत लाल काठ्यांवर चालणारे शेकाट्या होते, पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली होती, आणि हिमालयापलीकडून आलेली चक्रवाकाची भगवी जोडी होती. आभाळातून पडलेल्या दगडानं खड्डा केला, त्यात पाणी साठलं, पाण्यावर पाखरं आली. पाखरं आणि तारे यांचा तंटा इथे केव्हाच मिटला होता. मीच उगीच वकील लावून बसलो होतो.

रात्री गच्चीवर कृत्तिका काढल्या. नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात. दुर्बिणीत कोणीतरी मूठभर साखर सांडल्यासारखं झालं. देवयानीतली दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची, म्हणून मोठ्या अपेक्षेनं शोधली. सरकी काढलेल्या कापसाचा बोटभर पेळू, बस्स! गुरूला मात्र मी सोडला नाही. पाण्याच्या टाकीवर कोपरं टेकली, श्वास धरला, आणि ठिपक्याशेजारी तीन बारीक ठिपके एका ओळीत उभे राहिले. चौथा गुरूच्या पुढे किंवा मागे असावा. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत पाहिलेले हे चंद्र. त्याच्याकडे वीस पट होती, माझ्याकडे आठ आणि पाण्याची टाकी.

मग एकदा बोथ्याच्या वाटेवर, अभयारण्याच्या अलीकडच्या शेताशी उभा होतो. तारेवर नीलपंख बसला होता. पाठीमागून आवाज आला,

"काय पाहून राह्यले गुरुजी?"

"पाखरू."

"नीळकंठ हाय थो. मले तं इथूनच दिसते." मग दुर्बिणीकडे बोट करून, "केवढ्याची हाय?"

मी किंमत सांगितली. "इतक्यात तं गोऱ्हा येते," तो म्हणाला. मी पट्टा गळ्यातून काढून त्याच्या हातात दिला. त्यानं दुर्बीण उलटसुलट केली, फिरण्यासारखं होतं ते सगळं फिरवून पाहिलं, अर्थात ती कडीही, आणि डोळ्यांना लावली. नीळकंठाकडे नाही. नाल्यापलीकडे त्याची जोडी बाभळीखाली उभी होती, तिकडे. बराच वेळ काही बोलला नाही.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"ढवळ्याचा खांदा घासला वाट्टे," तो म्हणाला. दुर्बीण माझ्या हातात दिली आणि नाला उतरून गेला.

मी ती तशीच डोळ्यांना लावली. कडी त्याच्या डोळ्याला लागलेली, त्यामुळे उजव्या बाजूनं सगळं धूसर. तरी एवढं दिसलं, की तो बैलाच्या मानेवर वाकला आहे, जुवाचा घट्टा बोटांनी चाचपतो आहे, आणि बैलाची लांब, लाल रंगवलेली शिंगं त्याच्या पागोट्याला टेकली आहेत. त्यानं ती हातानं बाजूला सारली, न पाहताच.